उंदीर मरत नाही तेव्हा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या डॉक्टरसाहेबांनी आयुष्यभर दवाखाना चालवला तो भातशेतीच्या मुलखात. तिथे चार महिने पाऊस कोसळतो आणि त्यातले दोन महिने माणसे गुडघाभर चिखलात उभी असतात. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय मला फार शोधावा लागला नाही. तो विषय आहे लेप्टोस्पायरोसिस. वर्तमानपत्रांपासून वाडीवस्तीपर्यंत सगळे त्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात, मीही तसेच म्हणेन. हा जिवाणू उंदीर, घुशी, कुत्री, गुरे आणि डुकरे यांच्या मूत्रपिंडात राहतो, त्यांच्या लघवीवाटे पाण्यात आणि चिखलात उतरतो आणि तिथून माणसाला गाठतो. जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख ३० हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यांपैकी सुमारे ५८,९०० दगावतात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वेळेवर दिलेल्या साध्या, स्वस्त औषधांनी बरा होणारा हा रोग इतकी माणसे का नेतो, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

महाराष्ट्राला उंदराची भीती शिकवली ती प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या काही दशकांत त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. पण त्या भयंकर रोगाची एक रीत होती. तो माणसांच्या आधी उंदरांना मारत असे. पिसवांवाटे प्लेग उंदराकडून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. पण घरात उंदीर पडू लागले की निघायची वेळ झाली, हे गावोगावच्या लोकांना तोवर अनुभवाने कळून चुकले होते. मग चूल-भांडी उचलून लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. मेलेला उंदीर हा इशारा होता, आणि तो ऐकणारी घरे वाचत.

लेप्टोचा उंदीर मरत नाही. तो आजारीही पडत नाही. जिवाणू त्याच्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या आतल्या बाजूला वस्ती करतो आणि उंदीर धडधाकट राहून महिनोन्‌महिने, बहुधा जन्मभर, लघवीतून लाखो जिवाणू बाहेर टाकत राहतो. दिसायला काही नाही, वास नाही, पाण्याचा रंग बदलत नाही. म्हणजे प्लेगात जो इशारा उंदीर देत होता, तो इथे कोणीच देत नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे की या रोगाचा इशारा माणसांनीच माणसांना द्यावा लागतो, आणि तो द्यायची जबाबदारी कोणाची, हे आपण अजून नीट ठरवलेले नाही.

आधी या जिवाणूची ओळख करून घेऊ. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते आणि लांबी त्याच्या साठपासून दोनशे पट. अंग स्प्रिंगसारखे पिळलेले आणि टोके आकड्यासारखी वळलेली. तो इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाश टाकणारा खास सूक्ष्मदर्शक लागतो. ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही, खारे पाणीही मानवत नाही. पण गोड पाण्यात, ओल्या मातीत, सावलीत तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. पावसाळ्यातले भाताचे खाचर, गोठ्यामागचा चर, तुंबलेले गटार, पुराचे साचलेले पाणी या सगळ्या जागा त्याला सोयीच्या. त्याचे अडीचशेहून अधिक उपप्रकार माहीत आहेत आणि साधारणपणे एकेका प्राण्याशी एकेकाचे जुळलेले असते: उंदरांत एक, कुत्र्यांत दुसरा, गुरांत तिसरा.

माणसाच्या शरीरात शिरायला त्याला फार काही लागत नाही. कापलेले बोट, खरचटलेला पाय, पाण्यात तासन्‌तास राहून मऊ पडलेली त्वचा, डोळ्यांची, नाकाची, तोंडाची आतली ओली बाजू, यांतले काहीही पुरते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात, त्या तर त्याच्यासाठी उघडी दारेच. दोन दिवसांपासून महिनाभरात कधीही, पण बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो.

या आजाराच्या शोधाचा इतिहासही इशारे न कळण्याचाच इतिहास आहे. १८८६ साली हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या चार पुरुषांचे वर्णन केले. कारण मात्र कळले नाही. १९०७ साली अमेरिकेत स्टिम्सन यांना एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात आकडेदार टोकांचे जिवाणू दिसले, पण तो रुग्ण पीतज्वराने गेला असाच सर्वांचा समज होता. खरे उत्तर १९१४-१५ मध्ये जपानच्या क्यूशू बेटावर मिळाले. तिथल्या कोळशाच्या खाणींत पाणी भरलेले असे, उंदीर भरपूर असत आणि खाणकामगार तापाने पिवळे पडून मरत. इनादा, इदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जिवाणू शोधला, तो कातडीतून शिरतो हे दाखवले आणि १९१७ साली उंदीर हाच त्याचा वाहक असल्याचे सिद्ध केले. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धातल्या चिखलाच्या खंदकांत आजारी पडलेल्या सैनिकांवरून जर्मन डॉक्टरांनीही तोच जिवाणू ओळखला. खाणकामगार आणि खंदकातला शिपाई दोघेही उंदरांच्या सोबतीने ओल्यात उभे राहणारे होते. हा रोग कोणाचा, याचे उत्तर तेव्हाच मिळालेले होते.

या जिवाणूला लेप्टोस्पायरा हे नाव देणारे हिदेयो नोगुची पुढे स्वतःच त्याच्या भुलीत सापडले. पीतज्वरही असल्याच एका जिवाणूमुळे होतो असे त्यांनी मांडले. खरे तर तो विषाणूचा रोग. १९२८ साली अक्रा इथे पीतज्वराचे संशोधन करत असताना त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ताप आणि कावीळ एकत्र दिसले की जगातल्या नामवंत संशोधकाचीही अशी फसगत होते. मग खेड्यातल्या माणसाला वरवरच्या लक्षणांवरून लेप्टो ओळखता आला नाही, तर त्याला बोल लावायचा आपल्याला अधिकार नाही.

अंदमान म्हटले की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवते. त्या दंडवसाहतीच्या काळातच, १९३१ साली, टेलर आणि गोयल यांनी अंदमानातल्या लेप्टोवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. नंतर तो विस्मरणात गेला. १९८८ पासून तिथे पावसाळा सरताना एक नवाच ताप दिसू लागला. रुग्णांना खोकल्यातून रक्त पडे आणि काही तासांत धाप लागून ते दगावत. त्याला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असे नाव पडले. तो लेप्टोच आहे हे १९९३ साली उलगडले. फुफ्फुसात रक्तस्राव होणे हे या रोगाचे सर्वांत घातक रूप, आणि ते झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात. सहा दशकांपूर्वी छापलेले ज्ञान हाताशी असताना एका रोगाला पाच वर्षे अनोळखी म्हणून वावरू दिले गेले. विसरलेला इशारा हा न दिलेल्या इशाऱ्याइतकाच महाग पडतो.

मुंबईने हा धडा पाण्यात उभे राहून घेतला. २००० सालच्या जुलैत शहर तुंबले, त्यानंतर इथल्या मुलांमध्ये लेप्टो आढळला. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून मैलोन्‌मैल चालत घरी पोहोचली. त्या पाण्यात गटारे होती, कचऱ्याचे ढीग होते, बिळांतून बाहेर पडलेले उंदीर आणि घुशी होत्या. पाणी ओसरले, रस्ते धुतले गेले, आणि मग ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरले. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो एकाच वेळी. ज्या दिवशी शहर ‘पूर्ववत’ झाले म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, त्याच आठवड्यात या रोगाची मोजणी सुरू होते.

आज मुंबई महानगरपालिका मोठ्या पावसानंतर साचलेल्या पाण्यातून चाललेल्या लोकांना ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यायला सांगते. जखम नसताना एकदा पाण्यातून गेलेल्याला डॉक्सिसायक्लीनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. पायाला जखम असेल तर तीन दिवस. आणि पुन्हा पुन्हा पाण्यात उतरणाऱ्यांना, म्हणजे बचावपथकातल्या आणि सफाईच्या कामगारांना, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरे असते. ही योजना मला मोलाची वाटते, कारण ती इशारा देण्याची जबाबदारी स्वीकारते. उंदीर बोलत नाही, म्हणून इथे पालिका बोलते.

या औषधाचा आधार काय, असे कोणी विचारेल. १९८२ साली पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर चाचणी झाली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन घेणाऱ्यांत एकाला आणि न घेणाऱ्यांत वीस जणांना लेप्टो झाला. उत्तर अंदमानात ७८२ लोकांवर अशीच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. तिथे औषधाने संसर्ग थांबला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांत ६.८२ टक्के होते, ते घेणाऱ्यांत ३.११ टक्के निघाले. म्हणजे गोळी उपयोगी आहे, पण ती गमबुटाची जागा घेत नाही आणि घाण काढण्याचे काम तर मुळीच करत नाही.

आता कोकणाकडे वळतो, कारण माझी कळकळ तिथे आहे. आषाढात चिखलणी होते आणि लावणी सुरू होते. तरवा काढणे, मुठी बांधणे, चिखलात वाकून एकेक रोप बोटांनी रोवणे. ही कामे बव्हंशी बायका करतात. हात मनगटापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत दिवसभर चिखलात. बांधावर उंदरांची बिळे, वर जोताची जनावरे त्याच पाण्यात. शहरातून आलेली पत्रके सांगतात की गमबूट घाला, रबरी हातमोजे घाला. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो आणि पाय वर काढताना मागेच राहतो. जाड हातमोज्यांनी रोप रोवता येत नाही. ज्याने पत्रक लिहिले त्याने एक दिवस लावणी केली असती, तर मजकूर वेगळा झाला असता. जिथे गमबूट चालतात, म्हणजे गोठ्यात, बांधबंदिस्तीच्या कामात, गवत कापताना, तिथे ते मिळालेच पाहिजेत. पण लावणीच्या बाईला उपयोगी पडतात त्या वेगळ्या गोष्टी: कामावर जाण्याआधी जखम जलरोधक पट्टीने झाकणे, परतल्यावर साबणाने हातपाय धुऊन कोरडे करणे, चिखल्यांवर वेळेत मलम, आणि हंगामात आशाताईंच्या हातून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळणारी आठवड्याची गोळी.

आणि सर्वांत उपयोगी पडते ते ताप आल्यावर पहिल्या दोन दिवसांत दवाखाना गाठणे. लेप्टोचा ताप अचानक, थंडी वाजून येतो. डोके फुटेल असे दुखते. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. डोळे लाल होतात, पण त्यांत पू नसतो. दहापैकी नऊ जणांत एवढ्यावर भागते. उरलेल्यांत पुढच्या काही दिवसांत कावीळ दिसते, लघवी बदलते, मूत्रपिंड बिघडते, खोकल्यातून रक्त येते. हे जे पहिले चार-पाच दिवस आहेत, तेच हातचे जातात. पहिला दिवस ‘भिजलो, म्हणून अंग दुखतंय’ यात जातो. दुसरा लावणी अर्धी टाकता येत नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी दुकानातून तापाची गोळी येते. डोळे पिवळे दिसले की गावठी औषधाने कावीळ उतरवायला माणसे जातात आणि तिथे आणखी दोन दिवस. मग रिक्षा, मग गाडी, मग जिल्हा रुग्णालय, आणि तोवर डायलिसिस लागलेले असते. यातला एकही दिवस आळसाने गेलेला नाही. प्रत्येक दिवसामागे रोजंदारी आहे, अंतर आहे आणि न मिळालेली माहिती आहे.

चाचणीबद्दलही सांगितले पाहिजे. आपल्याकडे सहज होणारी रक्ततपासणी शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते, आणि ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी तपासणी ‘निगेटिव्ह’ आली, तर लेप्टो नाही असा अर्थ होत नाही. जनुकीय चाचणीने लवकर कळते, पण ती सगळीकडे नाही. त्यामुळे डॉक्टरने संशयावरच उपचार सुरू करायचे असतात. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या, गंभीर आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने. ही औषधे जुनी, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यांत पुरवता येण्याजोगी आहेत. वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाची बिघडलेली मूत्रपिंडे बहुतेक वेळा पूर्ववत होतात, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

संशय यायचा तर डॉक्टरला एक प्रश्न विचारावा लागतो. १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला ‘तुमचा धंदा काय?’ हे विचारलेच पाहिजे असे वैद्यांना सांगितले. त्यांच्या या अभ्यासाची सुरुवात झाली ती मैला उपसणाऱ्या एका कामगाराकडे पाहून. पावसाळ्यात तापाने आलेल्या प्रत्येकाला ‘गेल्या महिन्यात पाण्यात, चिखलात, गोठ्यात, गटारात काम केलेत का?’ एवढे विचारले आणि ते केसपेपरवर लिहिले, तर कितीतरी निदाने तीन दिवस आधी होतील. या प्रश्नाला पैसे लागत नाहीत.

या व्याख्यानाला आलेल्या अनेकांच्या घरी कुत्रा असेल, म्हणून त्याच्याबद्दल दोन शब्द. कुत्र्यांत वावरणारा लेप्टोचा उपप्रकार १९३३ साली नेदरलँड्समध्ये क्लारेनबेक आणि श्युफनर यांनी ओळखला. कुत्रा साचलेले पाणी पितो, उंदरामागे धावतो आणि आजारी पडतो. खाणे सोडणे, उलट्या, पिवळेपणा, लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे. बरा झाल्यावरही काही आठवडे-महिने तो लघवीतून जिवाणू टाकू शकतो. त्याच्यासाठी लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते. रेबीजची लस दिली म्हणजे झाले, असे समजू नका. पशुवैद्याला लेप्टोबद्दल वेगळे विचारा, आणि कुत्र्याने घरात केलेली लघवी हातमोजे घालून पुसा. प्राण्यांना घालवून देणे हा उपाय नव्हे. न्यूझीलंडमध्ये गाईंचे दूध काढणाऱ्यांना लेप्टो फार होत असे. गाईंना लस द्यायला सुरुवात झाली आणि माणसांचा आजार झपाट्याने घटला. जनावर निरोगी ठेवले की माणूस वाचतो. आपल्याकडे पशुसंवर्धन खाते आणि आरोग्य खाते या दोघांच्या नोंदी एका टेबलावर येऊ लागल्या, तर गोठ्यातला इशारा घरापर्यंत पोहोचेल.

उंदरांबाबतही नुसते मारणे हा उपाय नव्हे. मुंबईत रात्री काठी आणि टॉर्च घेऊन फिरणारे पालिकेचे मूषक संहारक हे कष्टाचे काम वर्षानुवर्षे करत आहेत. पण उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेतात आठ-दहा पिल्ले देते. उघडा कचरा तसाच राहिला, तर मारलेल्या उंदरांची जागा महिन्यात भरते. उंदीर कमी करायचे, तर त्यांचे अन्न उचलावे लागते, आणि ते काम आपल्या दारापासून सुरू होते.

शेवटी माझ्या मागण्या. कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. म्हणजे गटारात उतरणाऱ्या कामगाराला लेप्टो झाला, तर तो त्याच्या नशिबाचा भाग न मानता त्याच्या कामाचा परिणाम मानता येतो. ठेक्यावर काम करणाऱ्या सफाई कामगारांना हे कोणी सांगत नाही. ते सांगितले गेले पाहिजे, आणि गमबूट, हातमोजे व प्रतिबंधक औषध ही ठेक्याची अट झाली पाहिजे. लावणी करणाऱ्या बाईला तर बहुतेक वेळा असा मालकच नसतो, म्हणून हा कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या आजाराची जबाबदारी ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र आणि जिल्हा प्रशासन यांनी घ्यायची आहे. लावणी सुरू होण्याआधी ग्रामसभेत लेप्टोवर बोलणे व्हावे. गोळ्या आणि पट्ट्या उपकेंद्रात आधी पोहोचाव्यात. हंगामात तापाच्या रुग्णासाठी गाडीची सोय असावी. आणि लेप्टोने झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी करताना एकच गोष्ट तपासली जावी: ताप आल्यापासून पहिले योग्य औषध मिळेपर्यंत किती दिवस गेले आणि कुठे गेले. हे दिवस कमी करणे आपल्या हातात आहे. या सभागृहात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, सरपंच आहेत, पत्रकार आहेत. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या गावात, वॉर्डात, कारखान्यात यातले एक काम प्रत्येकाने अंगावर घ्यावे, अशी माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.